जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडायच्या सहा गोष्टी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वडिलांनी ऐंशीच्या दशकात मस्कतहून आणलेला जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. तो आता पुण्याच्या घरात पुन्हा लावायचा आहे. जोडीला टर्नटेबल, कॅसेट डेक, सीडी प्लेअर, अमेरिकेतल्या मामांनी दिलेला डिजिटल ट्यूनर, शिवाय आजचे टीव्ही आणि मोबाइल. पहिल्या दिवशी सगळं लागलं, पण 'ऑक्स' नावाच्या जादा इनपुटला जोडलेल्या टर्नटेबलचा आवाज अगदी बारीक आला. सीडीसाठी मागे वेगळी जागा नाही म्हणून ती 'फोनो'त, म्हणजे टर्नटेबलच्या इनपुटात, लावली, तर आवाज फाटला. टीव्ही जोडला की घूंऽऽ असं सतत घुमतं. आणि पुढची पट्टी नीट पुसून काढल्यापासून कुठल्याच इनपुटवर काही ऐकू येत नाही, दिवा मात्र लागतो. दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'आउटपुट गेलं' असं सांगितलं. ट्यूनरवर पुणे केंद्र स्वच्छ लागत नाही, आणि आजोबांच्या ७८च्या तबकड्याही ऐकायच्या आहेत.

अ‍ॅम्प्लिफायर अजून कुणाला उघडायला देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण आउटपुट ट्रान्झिस्टर गेल्याचं ठामपणे सांगत नाही. बहुतेक गोंधळ बटणांच्या आणि सॉकेटांच्या नावांमुळे झालेला आहे.

सगळ्यात आधी वीज, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही उरणार नाही. आखातात विकल्या गेलेल्या अनेक जपानी सेटांना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो: ११०, १२०, २२०, २४०. तो कुठे आहे ते बॅटरी लावून बघा. २४०ची खूण असेल तर तीच ठेवा. २२०वरही सेट चालतो, पण आपल्याकडे रात्री दाब चढतो तेव्हा ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो. मामांचा ट्यूनर अमेरिकेतला आहे, म्हणजे मागे '१२० व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर तो आपल्या बोर्डात थेट अजिबात लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ट्यूनर फार वीज खात नाही, त्यामुळे लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे जी जादा वीजसॉकेटं असतात, त्यांवर तेच व्होल्टेज येतं जे भिंतीतून येतं, म्हणून ट्यूनर तिथेही लावायचा नाही.

आता 'कशावरच आवाज नाही' याकडे. पुढच्या पट्टीवर 'टेप मॉनिटर' लिहिलेलं बटण किंवा खटका शोधा. काही मॉडेलांवर 'सोर्स / टेप १ / टेप २' असं असतं. पुसताना हे बटण हमखास दाबलं जातं. ते आत गेलेलं असेल तर सिलेक्टर फोनोवर असो, ट्यूनरवर असो की ऑक्सवर, अ‍ॅम्प्लिफायर त्या सगळ्यांकडे पाठ फिरवतो आणि फक्त कॅसेट डेककडून परत येणारा आवाज ऐकतो. डेक बंद असेल किंवा जोडलेलाच नसेल तर संपूर्ण शांतता. बटण बाहेर काढा, म्हणजे 'सोर्स'वर आणा. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सेटांत निव्वळ या एका बटणामुळे 'मेलेले' सेट इतके येतात की मी झाकणाच्या स्क्रूला हात लावायच्या आधी तेच बघतो.

त्यानेही आवाज आला नाही तर मागे वळा. काही सेटांना 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशा सॉकेटांच्या जोड्या असतात आणि त्यांच्यात इंग्रजी यू अक्षरासारख्या धातूच्या दोन छोट्या पट्ट्या खोचलेल्या असतात. त्यांच्यातूनच आवाज पुढच्या भागातून मागच्या भागात जातो. साफसफाईत 'हे काय लटकतंय' म्हणून त्या निघतात आणि केरात जातात. पट्ट्या हरवल्या असतील तर दोन छोट्या आरसीए वायरींनी (नेहमीच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या) काम भागतं: डावं डाव्याला, उजवं उजव्याला. तिसरी जागा म्हणजे स्पीकरचा खटका. तो ए, बी (स्पीकरच्या दोन जोड्या), ए अधिक बी आणि ऑफ असा फिरतो, आणि ऑफवर गेला की हेडफोन सोडून सगळं बंद.

हे तिन्ही बघूनही शांतता असेल तर कान देऊन ऐका. सेट चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप खटक्याचा, आवाज यायला हवा. तो आला म्हणजे सेटने स्वतःची तपासणी करून स्पीकर जोडले. तो येतच नसेल तर स्पीकरच्या वायरी पूर्ण काढून पुन्हा चालू करा. आता टक् झालं तर दोष वायरीत आहे: टर्मिनलपाशी एखादी बारीक तार शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली असते. वायरी काढूनही टक् होत नसेल तर आत खरोखर बिघाड आहे, बहुधा आउटपुटवर डीसी (स्पीकर जाळणारा एकाच दिशेचा प्रवाह) येतोय आणि रिले तुमचे स्पीकर वाचवतोय. तेव्हा मात्र जाणकाराकडेच न्या. त्याला सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत मधे बल्ब जोडून, सेट चालू करून बघायला सांगा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि आपला सेट आणखी जळण्यापासून वाचला.

आता मूळ विषय, जोडणीचा. मागच्या बाजूला फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप अशी नावं असली तरी आत प्रत्यक्षात दोनच प्रकारची दारं आहेत. एक फोनो, आणि दुसरं बाकी सगळं, ज्याला लाइन म्हणतात. ट्यूनर आणि ऑक्स यांत विजेच्या दृष्टीने जवळजवळ फरक नसतो. त्यामुळे तुमच्या सेटला 'सीडी' इनपुट नाही याची काळजीच नको. सीडी बाजारात आली १९८२च्या अखेरीस. त्याआधी आखलेल्या सेटवर ते नाव असणार कसं? सीडी ऑक्सला लावा. ट्यूनर वापरत नसाल तेव्हा त्याच्या जागी आणखी काहीही लावा, सेटला कळणारसुद्धा नाही.

फोनो मात्र खरोखर वेगळं दार आहे. मूव्हिंग मॅग्नेट या सर्रास आढळणाऱ्या जातीच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच क्षीण सिग्नल येतो. ऑक्सला पूर्ण आवाजासाठी दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास लागतात. म्हणून तुम्हाला तिथे मुंगीएवढा आवाज ऐकू आला. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि तार स्वर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांनी खाचा एकमेकींत घुसतील आणि तबकडीवर मिनिटं कमी बसतील. १९५४पासून या दाबण्या-उचलण्याचं एक ठरलेलं माप आहे, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला सुमारे तेवढेच जास्त. फोनो इनपुटच्या मागचं सर्किट सिग्नल मोठा करतं आणि हे माप बरोबर उलटं लावून सूर सपाटीला आणतं. आता सीडी प्लेअर देतो कमाल २ व्होल्ट. फोनो इनपुट दीडदोनशे मिलिव्होल्टलाच हात टेकतो, वर खर्ज दसपट वाढवतो. आवाज फाटणारच. सुदैवाने एवढ्याने सहसा काही जळत नाही, पण स्पीकरच्या जिवावर हा प्रयोग पुन्हा करू नका.

टर्नटेबल फोनोला लावताना लाल-पांढऱ्या पिनांबरोबर एक बारीक सुटी वायर येते, टोकाला दुपाखी चिमटा असलेली. ती फोनो सॉकेटांशेजारच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला आवळायची. ती सुटी राहिली की आर्मला हात लावताच घुमणं कमीजास्त होतं, हीच खूण. हा स्क्रू घरच्या अर्थिंगसाठी नाही, तिथून भिंतीतल्या अर्थला वायर नेऊ नका. नवं टर्नटेबल असेल तर त्याच्या पाठीमागे 'फोनो / लाइन' असा छोटा खटका बघा. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला चांगला फोनो आहे, तेव्हा खटका फोनोवर ठेवा. लाइनवर ठेवून फोनोत लावलंत तर दोनदा वाढवलेला, फाटका आवाज मिळेल. आपल्याकडच्या जुन्या पेटीतल्या रेकॉर्ड प्लेअरांत बरेचदा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा, म्हणून ते ऑक्सला लागतं. फक्त खर्ज थोडा पातळ वाटेल.

कॅसेट डेकच्या चार वायरी लोक उलटसुलट करतात. अ‍ॅम्प्लिफायरचा 'रेक आउट' डेकच्या 'लाइन इन'ला, डेकचा 'लाइन आउट' अ‍ॅम्प्लिफायरच्या 'प्ले इन'ला. ऐकायचं असेल तेव्हा टेप मॉनिटर दाबा, झालं की सोडा. या जोडणीचा आज एक फार मोलाचा उपयोग आहे. रेक आउटवर निवडलेल्या सोर्सचा सिग्नल सतत हजर असतो, आणि व्हॉल्यूम, बास, ट्रेबल यांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. तिथून साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेऊन लॅपटॉपला जोडलात तर रेकॉर्डी डिजिटल करून ठेवता येतील. घरच्या कॅसेटींसाठी डेकच्या लाइन आउटवरून थेट इंटरफेसला जा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात हा सिग्नल घालू नका, ते भोक मिलिव्होल्टांसाठी आहे आणि बहुधा मोनो असतं. आजीचा आवाज, लग्नातल्या मंगलाष्टका, गल्लीतल्या गणपतीतलं भजन असल्या कॅसेटी घराघरांत आहेत आणि त्यांची फीत वर्षागणिक झडते आहे. हे काम पुढे ढकलू नका. कॅसेट लावण्याआधी डेकचं हेड आणि रबरी पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि फीत एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर मोकळे होतात.

टीव्हीच्या घुमण्याचं मूळ शोधायला पाच मिनिटं लागतात. अ‍ॅम्प्लिफायर ऑक्सवर ठेवा, आवाज नेहमीइतका, आणि घुमणं चालू असताना सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड गोल वायर फिरवून सोडवा. घुमणं त्याच क्षणी थांबलं तर दोषी सापडला. त्या वायरीचं बाहेरचं जाळीदार कवच इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यातल्या बूस्टरपाशी एका अर्थला टेकलेलं असतं, तुमच्या घरातली उपकरणं दुसऱ्याच अर्थला. दोन्हींत थोडाबहुत फरक असतोच, आणि तो भरून काढायला ५० हर्ट्झचा प्रवाह तुमच्या ऑडिओ वायरीच्या कवचातून वाहतो. यावर काही जण थ्री-पिनची वरची जाडी पिन काढून टाकतात. घुमणं जातंही, पण उद्या आत एखादी वायर बॉडीला लागली तर धक्का माणसाला बसेल. ते करू नका.

सरळ उपाय म्हणजे प्रकाशाची वायर. बहुतेक टीव्हींना मागे 'ऑप्टिकल' सॉकेट असतं. टीव्हीतून ऑप्टिकल वायर एका छोट्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणाऱ्या डबीला), डॅकमधून लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्प्लिफायरला. मधे तांबंच नाही, तर या वाटेने घुमणं येणार कुठून? टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करायला विसरू नका. ते 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर राहिलं की साधा डॅक गप्प बसतो किंवा कचकच करतो, आणि माणूस डॅक परत करून येतो. एक गैरसोय आहे: ऑप्टिकलवर बहुतेक टीव्हींचा रिमोट आवाज कमीजास्त करत नाही, उठून अ‍ॅम्प्लिफायरपाशी जावं लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर रिमोटवाला डॅक घ्या, किंवा टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून जोडणी करा, तिथे टीव्हीचाच रिमोट चालतो. सेट-टॉप बॉक्सच्या तीन रंगी पिनांमधली पिवळी चित्राची असते, ती अ‍ॅम्प्लिफायरला लागत नाही. स्वस्तातल्या तयार वायरींचे रंग कधीकधी आतून अदलाबदल झालेले असतात, म्हणून एका बाजूने भलताच फरफर आवाज आला तर पिना बदलून बघा.

मोबाइल सोपा. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकपासून दोन आरसीए पिनांची वायर, फोनला जॅक नसेल तर मधे यूएसबी-सीचं छोटं कनेक्टर. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि खोलीतला आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरून ठरवायचा. फोन निम्म्यावर ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चढवलात तर सिग्नलबरोबर सगळी सळसळही चढते. चार्जिंगला लावलेल्या फोनमधून किरकिर आली तर ती चार्जरची. ब्लूटूथ रिसीव्हर घेणार असाल तर आयफोनसाठी एएसी चालणारा घ्या, अँड्रॉइडसाठी अ‍ॅपटीएक्स किंवा एलडॅक; ही ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींची नावं आहेत. रोजच्या ऐकण्याला तेवढं पुरे.

ट्यूनरचं दुखणं वेगळंच आहे आणि त्यात ट्यूनरचा दोष नाही. अमेरिकेत मीडियम वेव्हवरची केंद्रं १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर असतात, आपल्याकडे ९च्या. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर. दहाच्या पायऱ्या चढणारा डिजिटल ट्यूनर ७९०वर थांबतो, पुढची उडी ८००वर. ७९२ त्याला दिसतच नाही, म्हणून तुम्हाला सिसकारणारा, कडेला पडलेला आवाज मिळतो. मागे '९ / १०' असा बारीक खटका असेल तर ९ करा. खटका नसेल तर काही मॉडेलांत दोन बटणं दाबून धरत चालू केल्यावर पायरी बदलते, माहितीपुस्तिकेत ते सापडेल. एफएमसाठी टी आकाराची चपटी फीत अँटेना म्हणून मिळते, तिचा आडवा दांडा दीड मीटरच्या आसपास असतो. ती भिंतीवर ताणून लावा, गुंडाळी करून कपाटामागे टाकू नका. अमेरिकी ट्यूनरवर आपलं एफएम किंचित दबकं वाटतं, कारण तिकडची डी-एम्फसिसची (प्रक्षेपणात उचललेले तार स्वर ट्यूनरमध्ये परत खाली आणण्याची) मापं ७५ मायक्रोसेकंदांची आणि आपली ५०ची. ट्रेबल थोडा उचलला की भागतं.

चालवण्याबद्दल थोडं. आधी सोर्स चालू, मग अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. सिलेक्टर फिरवण्याआधी आवाज खाली, कारण सीडीचे दोन व्होल्ट आणि जुन्या डेकचे तीनचारशे मिलिव्होल्ट यांत अंगावर येईल इतका फरक आहे. सीडीवर व्हॉल्यूमचा गोल घड्याळातल्या आठ-नऊच्या जागीच खूप मोठा वाटेल आणि तिथे डावं-उजवं सारखं वाजणारही नाही, जुन्या व्हॉल्यूम कंट्रोलचा तो स्वभाव आहे. सीडी प्लेअरला 'व्हेरिएबल' आउटपुट असेल तर ते वापरून सिग्नल कमी करा. लाउडनेसचं बटण रात्री हळू ऐकण्यासाठी आहे. आवाज कमी झाला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी वाटतो, ती तूट ते भरून काढतं. मोठ्या आवाजात ते चालू ठेवलं की तबला-डग्ग्यातला डग्गा सगळ्यांवर बसतो. तुमचे स्पीकर ८ ओमचे असतील आणि ए-बी दोन्ही जोड्या लावल्या तर अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओम दिसतात. मागे 'ए अधिक बी: ८ ते १६ ओम' असं लिहिलं असेल तर प्रत्येक स्पीकर निदान ८ ओमचा हवा, म्हणजे ८ ओमच्या दोन्ही जोड्या चालतील; स्पीकर त्याहून कमी ओमचे असतील तर दोन्ही जोड्या एकदम लावू नका.

गोल फिरवताना येणारी खरखर ही आपल्या पावसाळ्याची देणगी. प्लग काढून, तासभर थांबून, झाकण उघडा आणि व्हॉल्यूम, बॅलन्स, सिलेक्टर यांच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. लगेच गोल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि वाळू द्या. टापकीर गल्लीत हा स्प्रे सहज मिळतो. गंजावरचा साधा स्प्रे, रॉकेल, शिलाई मशीनचं तेल यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नका, आज खरखर थांबते आणि सहा महिन्यांत धूळ चिकटून कंट्रोल कायमचा जातो. आणि वरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, गणपतीची मूर्ती यांपैकी काही नको. ती जाळी उष्णता बाहेर जाण्यासाठी आहे, वर दहा सेंटिमीटर तरी मोकळं सोडा.

राहिल्या आजोबांच्या तबकड्या. एलपीची सुई ७८च्या तबकडीवर ठेवू नका. ७८ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी, साठलेल्या धुळीत लोळते, त्यामुळे नुसती खरखर ऐकू येते आणि सुईही झिजते. तुमच्या कार्ट्रिजसाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई मिळते का ते बघा, पुष्कळ कार्ट्रिजना मिळते, आणि टर्नटेबलला ७८चा वेग आहे ना याची खात्री करा, अनेकांना ३३ आणि ४५ एवढेच असतात. वाजवताना मोड 'मोनो'वर ठेवा. ७८ची खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीत असतो तो निव्वळ कचरा, आणि मोनोवर तो दोन्ही बाजूंनी एकमेकांना छेदून बराचसा जातो. कानाला न ऐकू येणारी खालची थरथर गाळणारा सबसॉनिक फिल्टर चालू, हाय फिल्टर कानाला बरं वाटेल तसं. त्या काळात आरआयएएचं माप नव्हतं, म्हणून खर्ज-तार थोडे इकडेतिकडे वाटतील. गाणाऱ्याचा आवाज नैसर्गिक वाटेपर्यंत बास आणि ट्रेबल बिनधास्त हलवा. आणि लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि पुसून झाल्यावर तबकडी उभी ठेवून पूर्ण सुकवायची.